घोडीच्या खुराला बैलाच्या पत्र्या

कोकणात जाऊन आलेली माणसं समुद्राचं सांगतात. मी समुद्र पाहिला तो एसटीच्या खिडकीतून, आणि तोही पुढच्या बाईचं डोकं मधे आल्याने अर्धाच. बाकी सगळा वेळ मी एका घोडीच्या पुढच्या डाव्या पायाकडे पाहत होते. ज्यांना समुद्राचं वाचायचं असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं वाचावं.

आम्ही गडहिंग्लजचे लोहार. माझे यजमान, त्यांना मी मालक म्हणते, बाजाराच्या रस्त्यावर घोड्यांना नाल आणि बैलांना पत्र्या मारतात. घोड्याचं तोंड मी धरते. आमची धाकटी शेवंती मालवणकडे दिली आहे. मालवणहून कुणकेश्वरच्या बाजूला जाताना खाडीकाठी तिचं गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण तिकडे वाचणारी माणसं आहेत आणि वाचून दाखवणारी त्याहून जास्त. तिचे सासरेही लोहारच, पण कोयते, विळे आणि नांगराचे फाळ करणारे. जावयाने मात्र टांगा घातला. एसटी जिथे थांबते तिथून आतल्या वाड्यांवर माणसं आणि टोपल्या पोचवतो. टांग्याची घोडी ठमी, मालकांनीच पारखून दिलेली.

दिवाळी झाली आणि एका ट्रकवाल्याच्या तोंडी शेवंतीचा निरोप आला. घोडी पाय टेकत नाही, टांगा अंगणात उभा आहे, बाबांना घेऊन ये. टांगा उभा म्हणजे लेकीची चूल अर्धी. कोयत्यांवर एवढी तोंडं जगत नाहीत.

घाट उतरताना

मालकांनी बरोबर एक धोतर घेतलं आणि पोतंभर लोखंड. नाल, खिळे, हातोडी, कानस, खिळे उपटायचा जंबूर, खूर तासायचा वाकडा चाकू. कंडक्टरने पोतं उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"म्हातारबा, तोफ घेऊन निघालासा काय?"

"लेकीकडं चाललोय," मालक म्हणाले. जणू लेकीकडे जाताना सगळेच लोखंड नेतात.

आंबोलीला गाडी चहाला थांबली. मी भाकरीचं गाठोडं मालकांच्या हाती दिलं आणि तोंड धुवायला गेले. परत येऊन पाहते तर गाठोडं माकडाच्या हातात, आणि मालक शांतपणे त्याच्याकडे बघतायत.

"न्यू दे की," म्हणाले. "त्येलाबी भूक असंल."

"मग आता आपण काय नाल खायचे?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. आमच्या संसारात उत्तर न देण्याचं काम त्यांच्याकडे आहे.

महाराष्ट्र झाला, पण घाटातला रस्ता अजून कुणाचाच झालेला नाही. सावंतवाडीला उतरलो तेव्हा माझी हाडं मोजून घ्यावीत असं वाटत होतं. तिथे मालवणची गाडी समोर उभी होती. ती आम्हाला मिळाली नाही. स्टँडबाहेर टांगे होते, आणि मालक एकेका घोड्याजवळ जाऊन वाकून त्याचे पाय बघत बसले. "ह्याचा नाल एका अंगाला झिजलाय," "ह्याची टाच लई तासलीया." टांगेवाले आधी चिडले, मग आपले घोडे दाखवायला पुढे येऊ लागले. गाडी निघून गेली. पुढच्या गाडीची वाट बघत मी पोत्यावर बसून राहिले. घाटाखाली हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते, आणि तिथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही.

व्याह्यांच्या अंगणात

पोचलो तेव्हा दिवस कलला होता. विहीणबाई पुढे आल्या. बाई मोठी बोलकी.

"येवा, येवा. किती दमलास गो बाये. बसा. पाणी हाडतंय."

आमच्याकडे लेकीच्या घरी आईबाप जेवत नाहीत, निदान नातवंड होईपर्यंत तरी नाही. शेवंतीला अजून मूल नाही. मी तसं सांगितलं. विहीणबाई हसल्या.

"मगे काय करतलास? उपाशी रवतलास? आमच्या देवाक असला काय चालणा नाय."

पानात लाल तांदळाचा भात आणि बांगड्याचं तिखलं आलं. भाकरी माकडाने खाल्लेली, म्हणून जेवले. चव चांगली होती. पण जेवताना एवढं लक्ष काट्यांकडे द्यावं लागतं की बोलता येत नाही. तिकडची माणसं मात्र खातातही आणि बोलतातही. हे त्यांना कसं जमतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मालक आधी घोडीकडे गेले होते. फणसाखाली ठमी उभी होती, डावा पाय पुढे टाकून, नुसतं टोक जमिनीला लावून. घोडं असं उभं राहिलं की समजावं, त्या पायावर त्याला भार नको आहे. मालकांनी पाय उचलला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग मीही वाकून पाहिलं.

बैलाचा खूर मधे चिरलेला असतो. म्हणून त्याला लोखंडाच्या दोन पत्र्या मारतात, एकेका नखीला एकेक. घोड्याचा खूर अखंड, त्याला एकच गोल नाल. आमच्या व्याह्यांनी घोडीच्या अखंड खुराला बैलाच्या दोन पत्र्या मारल्या होत्या, मधे बोटभर फट ठेवून. दोन्ही पुढच्या पायांना तसंच. काम सफाईचं होतं, खिळे ओळीत, डोकी घासलेली. फक्त ते बैलाचं होतं.

व्याही जवळ येऊन उभे राहिले. सडपातळ, ताठ माणूस. आपल्या कामाकडे आपण पाहावं तसे पाहत होते.

"जुने नाल सुटान पडले. म्हटला, मीच मारतंय. बैल काय आणि घोडो काय, चार पायांचा जनावर."

"उभी राहिली का?" मालकांनी विचारलं.

"उभी कशाक रवतली? पाडलव. दोरी घातलव आणि पाडलव. अर्धी वाडी लागली."

आमच्याकडेही बैलाला पाडूनच पत्री मारतात. पण टांग्याच्या घोडीला दोर लावून आडवं केलं हे ऐकून मालकांचा चेहरा माझ्याच अंगावर कुणी हात टाकावा तसा झाला. बोलले काय? "काम साफ हाय," एवढंच.

मी त्यांना विहिरीपाशी गाठलं.

"काय झालंय तिला?"

"आतला एक खिळा जिव्हाळीत गेलाय. पू झालाय. हात लावून बघ, खूर तापलाय. उद्याच्या उद्या उघडाय पायजे. न्हाईतर पू वर चढतोय आनि केसाजवळ फुटतोय. मग खूर गेला."

"मग त्यास्नी सांगा की."

"मी मुलीचा बाप हाय."

"घोडीला काय, तुम्ही कुणाचे बाप हायसा ते कळतंय?"

मालक विहिरीत बघत राहिले. व्याह्याची चूक काढायची नाही, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. लग्नात जावयाच्या मामाने आमच्या मांडवात बसून आमच्याच जेवणाला नावं ठेवली, तेव्हाही ते असेच एका कढईत बघत होते.

एवढ्यात शेवंती कळशी घेऊन आली आणि तिने दुसरीच गोष्ट सांगितली.

"आई, उद्या गावपळण हाय."

हे काय असतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून वाचणाऱ्यांनाही नसेल असं धरून सांगते. काही वर्षांनी एकदा हे लोक गावच्या देवाला कौल लावतात. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या आणि कोणती पाकळी आधी पडते त्यावरून देव काय म्हणतो ते समजायचं. देव हो म्हणाला की सगळं गाव उठून वेशीबाहेर जायचं. तीन दिवस, तीन रात्री. म्हातारे, तान्ही पोरं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, कुणी मागे राहायचं नाही. गावात देव एकटा. मग पुन्हा कौल लावायचा आणि त्याने परवानगी दिली की परत यायचं. पूर नाही, साथ नाही, आणि धडधाकट माणसं घरं उघडी टाकून रानात जातात. आमच्याकडे प्लेगात लोक मळ्यात राहायला गेले होते, पण ते भीतीने गेले होते, रडत. ही माणसं हौसेने सामान बांधत होती.

"आणि घोडी?" मी विचारलं.

"तिलाबी न्याय लागतंय. मागं ठेवलेलं जनावर जगत न्हाई म्हनत्यात."

"ती तर उभी राहीना झालीया."

शेवंतीने पदराने नाक पुसलं. तेव्हा मला कळलं की पोरीने निरोप पाठवला तेव्हा कौल झालेला नव्हता, आणि झाल्यापासून तिला झोप नाही.

रात्री ओसरीवर व्याह्यांनी आपलं मत सांगितलं. घोडीला आता हात लावायचा नाही. गावपळणीहून आल्यावर बघू.

"आज पत्री काडलास तर उद्या सड्यावरसून चलतली कशी ती?" ते म्हणाले. सडा म्हणजे वेशीपर्यंतचा जांभ्या दगडाचा उघडा माळ. "लोखंडासकट कशी तरी जायत. उघड्या पायान एक पाऊल टाकूची नाय."

हे काही वेडेपणाचं बोलणं नव्हतं. माझ्याही मनात तेच आलं होतं. पण पू असलेल्या पायाने ती सड्यापर्यंतही गेली नसती, आणि हे ज्याने सांगायला हवं त्या माणसाने, म्हणजे मालकांनी, मान हलवली आणि सुपारी कातरली.

पत्री निघाली

सकाळी सगळं घर बांधाबांधीत होतं. ठमीने रात्रीत चारा खाल्ला नव्हता. मालक तिच्या कपाळावर हात ठेवून उभे होते. व्याही बैलगाडीत भाता चढवत होते. लोहार वेशीबाहेरही भाता नेतो हे पाहून मला बरं वाटायला हवं होतं, पण मला राग आला होता.

मी पोत्यातून जंबूर काढला, घोडीजवळ गेले, तिचा पाय उचलून गुडघ्यावर घेतला आणि पहिल्या पत्रीच्या खिळ्याला चावा दिला. माझ्या हातात पूर्वीचा जोर नाही. खिळा हलला, निघाला नाही. घोडी थरथरली.

अंगणात सगळे थांबले. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. मुलीची आई व्याह्याच्या दारात बसून व्याह्याचं काम उपटते आहे, असं त्यांनी पूर्वी पाहिलं नसणार.

"ह्या काय चल्ला?" व्याही म्हणाले.

"तुमच्या पत्र्या चांगल्याच हायत की," मी म्हटलं. "बैलाला मारायला हुतील, म्हनून काढून ठेवतीया."

शेवंतीच्या हातातलं भांडं पडलं. जावई शहाणा, म्हणजे गप्प बसणारा, तो तसाच बसला. मी पुन्हा खिळ्याला जंबूर लावला. तेव्हा कुठे मालक हलले. माझ्या हातून जंबूर घेतला, मला खांद्याने बाजूला सारलं आणि म्हणाले, "तोंड धर."

मी तोंड धरलं. हे काम मला येतं.

एकेक खिळा निघत गेला. शेवटून दुसरा काढला तो ओला होता, काळा, आणि घाण वास आला. मालकांनी वाकड्या चाकूने तिथे थोडं थोडं तासलं, थांबले, पुन्हा तासलं. मग पू एकदम उडाला तो वाकून पाहणाऱ्या व्याह्यांच्या धोतरावर. ठमीने मोठा श्वास सोडला, सगळं अंग सैल झालं. थोड्या वेळाने मालकांनी पाय खाली सोडला तर तिने तो जमिनीला लावला. पूर्ण नाही, पण लावला.

व्याह्यांनी धोतराकडे पाहिलं नाही. तो काळा खिळा उचलला, नाकाजवळ नेला.

"जिव्हाळेत गेल्लो," ते म्हणाले. मग खिळा खाली ठेवून, "बैलाक हंयच मारतत."

"बैलाला हितंच मारत्यात," मालक म्हणाले. "बराबर हाय."

हे ऐकून मला दोघांच्याही डोक्यात जंबूर घालावासा वाटला. पण घोडीचा जीव वाचत होता, म्हणून तोंड धरून राहिले.

विहीणबाईंनी भाताचा कोंडा आणि मीठ गरम करून आणलं. त्याचं पोटीस खुराला बांधलं. आता सडा कसा ओलांडायचा? मालकांकडे गोणपाट होतं, पण जांभ्यावर गोणपाट किती टिकणार. व्याही परसात गेले आणि पोफळीच्या विऱ्या घेऊन आले. झावळी गळून पडते तेव्हा तिच्या देठाकडचा जो रुंद, चामट भाग असतो ती विरी. तिकडे तिचे द्रोण करतात, पाणी शिंपतात, पोरं तिच्यावर बसून घसरतात. त्यांनी विरी भिजवली, खुराभोवती वळवली, काथ्याने आवळली, वर गोणपाट आणि पुन्हा विरी. घोडीच्या पायात जोडा तयार झाला. चार-पाच विऱ्या जास्तीच्या घेऊन त्यांनी खांद्यावर टाकल्या.

"फाटतली," ते म्हणाले. "वाटेत बदलूया."

ते पहिल्यांदा "बदलूया" म्हणाले. आदल्या दिवशी सगळं "मारलंय" आणि "पाडलव" होतं.

गाव उठलं

दुपारी देवळात ढोल वाजला आणि गाव निघालं. मी अशी गर्दी पाहिलेली नाही. डोक्यावर भांडी, काखेत कोंबड्या, हाऱ्यात मांजर घालून वर सूप दाबलेलं. एक म्हातारी गाईला घेऊन चालली होती आणि गाईशी भांडत होती. सगळे आम्हाला मागे टाकून पुढे जात होते, आणि जाताना प्रत्येकाला घोडीचा जोडा पाहून काही तरी सुचत होतं.

"सदाशिवा, घोडीक चप्पल घातलंस, माका कदी घालतलंस?" एक बाई आमच्या जावयाला म्हणाली.

"लग्नाक चल्ली काय रे ती?"

"चल्ली. तुझ्याच. नवरो लंगडो, म्हणान व्हकल पण लंगडी." हे व्याही. व्हकल म्हणजे नवरी. लोक हसले. माणूस बोलतो तर, मला तेव्हा समजलं.

जावई, शेवंती आणि विहीणबाई सामानाची गाडी घेऊन पुढे गेले. सडा सुरू झाला तेव्हा हसणं संपलं. दगड तापलेला, खडबडीत, भोकाभोकांचा. ठमी चार पावलं टाकायची आणि थांबायची. मालक तिच्या मानेशी, मी दुसऱ्या बाजूला, व्याही मागे. विरी फाटली. तिथेच बसून नवी बांधली. पुढे पुन्हा फाटली. माझी वहाण तुटली ती कुणी बांधली नाही. गाव दिसेनासं झालं, पुढची माणसं दिसेनाशी झाली, आणि आम्ही चौघं त्या माळावर उभे, त्यातली एक घोडी.

एका उतारावर ती बसायला लागली. घोडं बसलं की संपलं, दुखऱ्या पायाचं घोडं परत उठत नाही. मालक तिच्या छातीला खांदा लावून उभे राहिले. या वयात. मी ओरडले, "चिरडून मराल." व्याह्यांनी दुसऱ्या बाजूने खांदा लावला. दोन म्हातारे लोहार मधे घोडी धरून उभे, आणि मी लगाम ओढून तिला शिव्या देतेय. शिव्या मी इथे लिहीत नाही. त्या ऐकून व्याही म्हणाले, "विहिणबायनू, ह्यो आमच्याकडे नाय. जरा सावकाश सांगा, पाठ करतंय."

घोडी बसली नाही. माझ्या शिव्यांमुळे की त्यांच्या खांद्यांमुळे, ते तिला माहीत. शेवटची विरी फाटायच्या आत वेशीचा दगड लागला.

वेशीबाहेर

रानात झापांच्या खोपी उभ्या राहिल्या होत्या. झापं म्हणजे विणलेल्या नारळाच्या झावळ्या. लोक एवढे खुशीत होते की मला चीड आली. सकाळी पेज, दुपारी भात, संध्याकाळी भजनं आणि सगळ्या वेळ गप्पा. घरचं काम नाही, शेत नाही. बायका म्हणत होत्या की वर्षानुवर्षं एकमेकींशी एवढं बोलायला मिळालं नव्हतं. माझ्याशीही बोलल्या. मला अर्धं कळलं. माझं त्यांना सगळं कळलं, असं त्यांचं म्हणणं.

मालक सकाळ-संध्याकाळ पोटीस बदलत. पू कमी होत गेला, खुराचा ताप उतरला. डाव्या पायाला एवढ्यात लोखंड लावायचं नव्हतं. पण उजव्या पायालाही बैलाच्याच पत्र्या होत्या, त्या काढून नाल मारायचा होता. व्याह्यांनी भाता लावला आणि म्हणाले नाल मी करतो. आमच्या पोत्यात तयार नाल भरलेले होते, मी ते घाटापासून वाहून आणलेले. मालक म्हणाले, "करा की."

नाल झाला. मालकांनी हातावर तोलला.

"जड झालाय."

"कोकणातला लोखंड जडच," व्याही म्हणाले.

पुन्हा तापवला, पुन्हा ठोकला. तिसऱ्यांदा मालक काही बोलले नाहीत, म्हणजे बरा झाला होता. मग मारायची वेळ आली आणि व्याही दोर घेऊन आले.

"दोर कशाला?" मालकांनी विचारलं.

"पाडूक."

"पाडायची न्हाई. उभीच. तिच्या तोंडाकडं पाठ करा, पाय दोन गुडघ्यांत धरा."

"उभ्या घोड्याच्या पायाखाली बसूक मी काय बेवडो?"

बघायला सगळं गाव जमलेलं. बघणाऱ्यांत व्याह्यांची गिऱ्हाइकं होती, त्यांच्याकडून कोयते नेणारी. माघार घेता येईना. पाठ करून त्यांनी पाय उचलला आणि गुडघ्यांत धरला. ठमी लबाड आहे, नव्या माणसाला ओळखते. तिने हळूहळू सगळं अंग त्यांच्यावर टाकलं.

"अगो, ही माझ्यार बसता," व्याही खालून म्हणाले.

"तिला वाटतंय खुर्ची हाय," मी म्हटलं. "पाय जरा खाली सोडा, मग सरळ उभी राहील."

सोडला, ती सरळ झाली. पुन्हा उचलला. मालक बाजूला बसून एकेका खिळ्याला बोट लावत होते, हा इथे, बाहेरच्या अंगाला, ह्याचं टोक इथून निघायला हवं. व्याह्यांनी खिळा ठोकला, टोक बाहेर आलं. दुसरा ठोकताना त्यांचा हात थांबला. तो काळा खिळा त्यांना आठवला असावा. मालकही थांबले, घाई केली नाही. मग तोही बरोबर बसला.

तीन रात्री झाल्या आणि कौल लावला. माझं गाठोडं बांधून तयार होतं. देवाने परवानगी दिली नाही. गावकऱ्यांचा माणूस देवळाकडून येऊन म्हणाला, "देव आजून नाय म्हणता." लोकांनी जेवणाची भांडी पुन्हा चुलीवर चढवली, वर आनंदाने. मी विहीणबाईंना विचारलं, उद्याही नाही म्हणाला तर?

"तर परवा. तुझा काय जाता गो? भाकरेची याद येता काय?"

येत होती. मी सरळ सांगितलं. संध्याकाळी त्यांनी तांदळाची भाकरी करून आणली. भाकरी मऊ, पांढरी, चवीला काही नाही. पण मी दोन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी देव हो म्हणाला आणि सगळे निघाले. परत येताना ठमी सड्यावर एकदाही थांबली नाही. नवा जोडा होता, व्याह्यांनी आदल्या दिवशीच करून ठेवलेला.

एकटीची गाडी

मला वाटलं, आता दुसऱ्या दिवशी निघायचं. मालकांनी घोडीचा पाय उचलून मला दाखवला. आतून पोखरलेली जागा कोरडी झाली होती, पण पोकळी होतीच. ती रोज साफ करायची, कोरडी ठेवायची, महिन्याने हलका नाल, मग दर महिन्याला पुन्हा. खूर वरून वाढतो आणि हळूहळू खाली येतो. खराब भाग झिजून नवा खाली उतरेपर्यंत एकही नाल चुकून चालत नाही. चुकला तर पुन्हा पू, आणि पुन्हा पू झाला तर टांगा कायमचा बंद.

व्याही ओसरीच्या पायरीवर बसले होते.

"व्याह्यानू, तुमी रवा," ते म्हणाले. "माझो हात बसापर्यंत रवा."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. बापाने लेकीच्या घरी राहायचं नसतं. एक दिवस पाहुणा म्हणून ठीक, पण महिनोन् महिने बसून खाणारा बाप म्हणजे आमच्याकडे गावभर बोलणं. भट्टी बंद राहणार ती वेगळीच. हे सगळं त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं, आणि तरीही उत्तर मीच द्यावं अशी त्यांची अपेक्षा होती. उभा जन्म मी त्यांचं बोलत आले.

"मला काय इचारतासा?" मी म्हटलं. "तुमच्या मनात हाय. घोडी तुम्ही दिली."

"तू एकटी जाशील?"

"यिताना तुम्ही हुतासा म्हनून भाकरी गेली. एकटी गेले तर निदान खाईन तरी."

ते हसले. शेवंती आत जाऊन रडली. मी तिला सांगितलं, रडू नको, बापाला काट्याचे मासे देऊ नको, त्याला दिसत नाहीत.

आंबोलीला मी भाकरी पदराखाली धरून खाल्ली. माकड समोर बसलं होतं. दिली नाही.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी आडावर बायकांनी विचारलं, मालक कुठायत. मी सांगितलं, लेकीकडे. एकीने दुसरीकडे पाहिलं.

"लेकीकडं? राह्यला?"

"राह्यला."

"आनि येनार कधी?"

"खूर खाली आला म्हंजे."

त्यांना ते कळलं नाही. मी सगळी हकिगत सांगितली, पत्र्यांची, पुवाची, विरीची. ऐकून घेतलं आणि एकीने पुन्हा तेच विचारलं, म्हणजे किती दिवस? मी कळशी उचलली.

"तुझ्या पायाच्या अंगठ्याचं नख मुळापासनं काढ," मी तिला म्हटलं, "आनि नवं आलं की मला सांगाय ये. मग मी तुला दिवस सांगते."